खेळाचा तास आणि आम्ही मुली



स्मरणिकेसाठी काय लिहावे, असा विचार करताना मला आधी खेळाचा तास आठवला. आपल्या १९९२ च्या दहावीच्या बॅचला तो आठवड्यातून दोनदा असे. घंटा झाली की मुले मैदानावर धावत सुटत. आम्ही मुली कडुनिंबाखाली बसून कोण बाद झाले ते मोजायचो. 'खेळू नका' असे आम्हाला कोणी म्हटले नव्हते. पण मैदान एकच, खो-खोचे खांब दोनच, आणि ते आधी मुलांचे. एकदा बाहेरगावच्या स्पर्धेसाठी आम्हा मुलींचा संघ जमला. सोबत यायला बाई नव्हत्या, मुक्कामाची सोय नव्हती. घरोघरी 'नको' म्हणाले आणि संघ तिथेच मोडला.

तेव्हा वाटायचे, मुलींचा खेळ ही नवी गोष्ट आहे, वेळ लागणारच. पुढे या खेळाचा इतिहास वाचला आणि तो समज गेला. खो-खोची पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली. महिलांची पहिली स्पर्धा लगेच पुढच्या वर्षी आपल्या कोल्हापुरात झाली. म्हणजे देशपातळीवर अंतर होते एका वर्षाचे. आमच्या कडुनिंबापर्यंत ती गोष्ट तीस वर्षांतही पोचली नव्हती.

मधल्या वाटेवर काय अडते, हे अमेरिकेच्या उदाहरणावरून कळते. तिथे १९७२ मध्ये 'टायटल नाइन' नावाचा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, एवढेच त्यात होते. खेळाचा शब्दही नव्हता. पण त्याच आधारावर मुलींनी कॉलेजकडे संघ, प्रशिक्षक, मैदानाची वेळ आणि शिष्यवृत्ती मागितली. मुली आधीही पळत होत्याच, आता पैशाचा आणि वेळेचा हिशेब द्यावा लागू लागला.

आपल्याकडचे उदाहरण तर शेजारचेच आहे. १९८२ पर्यंत आपला लातूर ज्या उस्मानाबाद जिल्ह्यात होता, आजचा धाराशिव, तिथल्या सारिका काळे हिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचे सुवर्ण जिंकले. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले. तो सामना मी टीव्हीवर पाहिला. आमच्या मोडलेल्या संघातल्या मैत्रिणीला फोन केला, तर तीही तेच पाहत होती. दोघींनाही बराच वेळ बोलता आले नाही.

आमच्यातून कोणी अर्जुन पुरस्कारापर्यंत गेली असती, असे मी म्हणणार नाही. पण खेळून हरण्याची संधी तरी मिळायला हवी होती.

स्नेहमेळाव्याच्या निधीतून शाळेला भेट द्यायचे ठरते आहे. कमानीचा विषय निघाला आहे. माझी विनंती वेगळी आहे: मुलींसाठी खो-खोच्या खांबांची वेगळी जोडी, कपडे बदलायला एक खोली, आणि स्पर्धेला सोबत जाणाऱ्या बाईंचा प्रवासखर्च. कमान पुढच्या मेळाव्याला बघू.