वक्र मूळनलिकेतील अवजारांची तुलना

दाताची मूळनलिका क्वचितच सरळ असते. रूट कॅनाल उपचारात ती आतून साफ करून रुंदावताना तिचे मूळचे वळण जपावे लागते. हे वळण मानणारा धातू मात्र दंतवैद्यांच्या हाती फार उशिरा आला.

१८३८ मध्ये अमेरिकी दंतवैद्य एडवर्ड मेनार्ड यांनी घड्याळाच्या कमानीपासून या कामाचे अवजार घडवले. पुढे पोलादी फाइली आल्या. गोल तारेचा वाकण्यास होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. व्यास दुप्पट झाला, की विरोध सोळापट. त्यामुळे जाड पोलादी फाइल वळणावर सरळ होऊ पाहते आणि टोकाजवळ नलिकेची बाहेरची भिंत कोरते. १९७१ मध्ये श्नायडर यांनी वळणाचा कोन मोजण्याची रीत दिली. १९७५ मध्ये वाइन व सहकाऱ्यांनी पारदर्शक ठोकळ्यांतील कृत्रिम नलिकांत ही विकृती दाखवली. आधीच वाकवून घेतलेल्या फाइलीही तिला अपवाद नव्हत्या.

१९८८ मध्ये वालिया, ब्रँटली व गर्स्टाइन यांनी दात सरळ करण्यासाठी वापरली जाणारी नायटिनॉल तार कोरून फाइली बनवल्या. निकेल-टायटॅनियमच्या या फाइली तेवढ्याच आकाराच्या पोलादी फाइलींच्या दोन ते तीनपट लवचीक ठरल्या. १९९०च्या दशकात त्या यंत्राने फिरू लागल्या.

येथे नवा प्रश्न उभा राहिला. वळणात फिरणाऱ्या फाइलीचा पृष्ठभाग प्रत्येक फेऱ्यात एकदा ताणला आणि एकदा दाबला जातो. ०.४ मिमी जाडीची फाइल ५ मिमी त्रिज्येच्या वळणात असेल, तर ही ताणविकृती सुमारे ४ टक्के असते. त्रिज्या २ मिमी झाल्यास १० टक्के. मिनिटाला ३०० फेरे म्हणजे तितकीच आवर्तने. १९९७ मध्ये प्रुएट व सहकाऱ्यांनी दाखवले, की कोनाइतकीच वळणाची त्रिज्याही महत्त्वाची असते: वळण जितके तीव्र आणि फाइल जितकी जाड, तितकी ती लवकर तुटते. अनेकदा ती बाहेरून कोणतीही खूण न दाखवता तुटते आणि तुकडा रुग्णाच्या दातात अडकतो.

भारतातील दंत महाविद्यालयांतही काढलेल्या दातांची उपचारापूर्वीची व नंतरची त्रिमितीय क्ष-किरण चित्रे ताडून अशा तुलना होतात. फाइल नलिकेच्या मध्यावर किती राहिली, हे त्यांतून कळते. ती किती फेरे टिकेल, हे त्या चित्रांतून कळत नाही. त्यासाठी फाइल तुटेपर्यंत फिरवून पाहणारी वेगळी चाचणी लागते. ‘कोणते अवजार श्रेष्ठ?’ हा निष्कर्ष वाचताना नेमके काय मोजले होते, हे म्हणूनच आधी पाहावे.