साचा तोच, संसार वेगळा

मुंबईच्या गिरण्यांतले पुष्कळसे साचे नि चात्या लँकेशायरातून आलेल्या. यंत्र तेच, पण त्यापुढे उभ्या राहणाऱ्या इंग्रज कामगाराचे नि आपल्या माणसाचे जिणे मात्र निराळे! दोन देशांच्या राहणीची तुलना करताना विद्वान मंडळी पगाराचे आकडे मांडतात. आम्ही आधी विचारतो, माणूस घरी किती वाजता पोहोचला, आणि कसल्या घरी?

१९१९ साली संप करून लँकेशायरच्या कामगारांनी आठवड्याचे ४८ तास मिळवले. इकडे १९२२ च्या कायद्याने ६० तास ठरले. ४८ तासांसाठी १९४६ साल उजाडावे लागले. (आमचे तास कमी व्हावेत म्हणून तिकडचे गिरणीमालकही पूर्वी ओरडत. दया नव्हे, स्पर्धेची धास्ती!)

तिकडे वर दोन, खाली दोन खोल्यांचे घर ही सामान्य गोष्ट. इकडे १९२१-२२ साली मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने कामगारांचे घरखर्च तपासले, तेव्हा शंभरातली ९७ कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. आणि ताटातले धान्य? दुष्काळी कामावरच्या शिध्याइतके. तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला ठरवून दिलेल्या शिध्याहून कमी. हे लिहिणारे फिंडले शिरास आमच्या युनियनचे कोणी नव्हते; सरकारचेच अधिकारी होते.