रयत : एका शब्दाची कुळकथा

विजयदुर्गाहून गिर्ये गावाकडे जाताना जांभ्याचा सडा लागतो. पावसाळ्यात त्यावर गवत उगवते आणि गुरे चरायला येतात. गुरे 'चरतात', गुराखी त्यांना 'चारतो'. 'पडणे-पाडणे' या जोडीतलाच हा स्वरबदल. हा 'चर' संस्कृतातून आला, आणि फारसीतला 'चरीदन' त्याचाच भाऊबंद. पण चराईशी नाते असलेला आणखी एक शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आहे : रयत.

अरबीत 'रआ' हे एकच क्रियापद चरणे आणि चारणे या दोन्हींसाठी चालते. राखणारा तो 'राई', आणि त्याच्या हवाली असलेला कळप ती 'रईयत'. तुम्ही सगळे राई आहात आणि प्रत्येकाला आपापल्या रईयतीचा जाब द्यावा लागेल, या आशयाची हदीस आपल्या परिचयाची आहे. जाब राखणाऱ्याने द्यायचा आहे, हे तिचे मर्म.

फारसीमार्गे हा शब्द दख्खनच्या दफ्तरांत उतरला. येताना 'ऐन' गळाला, स्त्रीलिंग टिकले. ती रयत, एकवचनातच सारा समूह सामावलेला. दौलत, किंमत, इमारत या शब्दांची रूपे दौलतीला, किमतीला, इमारतीला अशी होतात. रयत मात्र 'वाट-वाटेला'च्या चालीवर 'रयतेला' अशी चालते, घरच्या शब्दासारखी.

घेरिया म्हणून ओळखला जाणारा हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६५३ साली आदिलशाहीकडून घेतला. १६७६ साली दक्षिण कोकणातल्या प्रभावळीच्या सुभेदाराला त्यांनी लिहिलेल्या पत्रात रयतेच्या भाजीच्या देठाचीही आस धरू नये, अशी ताकीद आहे. पुढे राजव्यवहारकोशात दरबारी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले. 'प्रजा' हा शब्द तर आधीपासूनच होता. तरीही लोकांच्या तोंडी महाराज 'रयतेचा राजा'च राहिले. १९१९ साली भाऊराव पाटलांनी बहुजनांच्या मुलांसाठी शिक्षणसंस्था काढली, तिच्या नावातही 'रयत'च आली.

मराठी तुमची कशी, असे कोणी विचारले तर आपण हा एक शब्द पुढे ठेवावा. धातू अरबी, विभक्ती मराठी, आणि मधला सांधा आता कुणाला दिसत नाही.

सांजेला सड्यावरून उतरताना गुराखी गुरे मोजून घेतो. एखादे कमी भरले तर तो गुराला दोष देत नाही, कंदील घेऊन माघारी जातो. राज्य करणाऱ्याने 'रयत' म्हणताना एवढे आठवले तरी पुरे.