ऊब फिरवणारा पंप

श्रोतेहो, आपल्याकडे थंडी पडली की अंगणात शेकोटी पेटते, आंघोळीला बंब तापतो आणि ऊन वर आले की माणूस ओट्यावर जाऊन बसतो. सबंध घरालाच ऊब पुरवावी लागते, ही कल्पना आपल्या अंगवळणी नाही. उत्तर इंग्लंडात मात्र तिच्यावाचून हिवाळा निघत नाही.

२०१७ च्या जानेवारीत अभ्यासाच्या निमित्ताने मी लीड्स शहरी एका सत्तरीच्या बाईंच्या घरी राहिलो होतो. एके सकाळी उठून पाहतो तो घर गारठलेले. बॉयलर पेटलेला होता. न्हाणीघरात नळाला कढत पाणी येत होते. पण भिंतीलगतचे लोखंडी रेडिएटर, ज्यांतून गरम पाणी फिरून खोल्या उबदार व्हायच्या, ते थंडगार! बाई डोक्याला हात लावून बसल्या. म्हणाल्या, "गेल्याच हिवाळ्यात पंप बदलला होता हो. आता पुन्हा पैसे कुठून आणू?"

शेजारी एक म्हातारे मिस्त्री राहत. जन्मभर नळकाम केलेले. त्यांनी हत्यार काढले नाही. आधी टाकीकडे जाणाऱ्या नळाला हात लावला, मग रेडिएटरकडे जाणाऱ्या. म्हणाले, "पाणी तापतंय, आणि आपलं आपण टाकीपर्यंत चढतंयही. फिरत नाही ते फक्त रेडिएटरांत. तेव्हा पंपच पाहायला हवा."

या दोन-तीन वाक्यांत केवढा इतिहास भरला आहे पाहा. 'आपलं आपण चढतंय' म्हणजे काय?

प्राचीन रोमन लोक जमिनीखाली पोकळी ठेवून तीतून जाळाची गरम हवा खेळवीत. पाण्याने ऊब नेण्याची युक्ती पुष्कळ नंतरची. १७१६ साली मार्टिन ट्रिवाल्ड या स्वीडिश गृहस्थाने इंग्लंडातल्या न्यूकॅसल येथे गरम पाण्याने झाडांचे काचघर तापवले. १७७७ च्या सुमारास फ्रान्समध्ये बोनमेँ याने कोंबडीची अंडी उबवण्यासाठी नळांतून गरम पाणी फिरवले. म्हणजे ही सोय आधी झाडांना आणि पिलांना मिळाली, माणसांना मागाहून!

त्या काळी पंप नव्हता. तापलेले पाणी हलके होते, म्हणून वर चढते. निवलेले जड होते, म्हणून खाली उतरते. एवढ्यावर सारे चाले. पण हे बळ किती? ८० अंश सेल्सिअसचे एक लिटर पाणी ६० अंशाच्या एक लिटर पाण्यापेक्षा जेमतेम ११ ग्रॅमने हलके असते. उंची ५ मीटर धरली, तर या फरकातून मिळणारा दाब साडेपाच सेंटिमीटर उंचीच्या पाण्याइतका. शिक्षकांनी हा हिशेब वर्गात अवश्य करून घ्यावा. एवढ्याशा बळावर पाणी फिरवायचे, तर नळ जाडजूड हवेत आणि बॉयलर तळघरात, सर्वांत खाली हवा. लांबच्या खोलीत ऊब पोचायला फार वेळ लागे.

१९२९ साली जर्मनीत डॉर्टमुंडच्या ओप्लेंडर यांना एका युक्तीचे पेटंट मिळाले. नळाच्या कोपऱ्यात एक लहानसा पंखा बसवायचा आणि बाहेरून विजेच्या मोटारीने तो फिरवायचा. त्याला 'पंप' म्हणतच नसत. 'अभिसरणाची गती वाढवणारा' एवढेच म्हणत. जिथे दांडा नळात शिरे, तिथे ग्लँड होती. ग्लँडमधून पाणी कसे गळते, हे विहिरीवर पंप असलेल्या शेतकऱ्याला मी काय सांगावे? पुढे स्वित्झर्लंडमध्ये कार्ल रुत्शी यांच्या हातून नवा पंप घडला. त्यात मोटारीचा फिरता भाग पाण्यातच ठेवला. ग्लँडची कटकट संपली. बेअरिंगांना तेल नको, तेच पाणी वंगणाचे काम करी.

अशा पंपाचा जोर काही मीटर उंचीच्या पाण्याइतका, म्हणजे निसर्गाच्या बळाच्या जवळजवळ शंभरपट. मग बोटाएवढे तांब्याचे नळ पुरू लागले. १९५० नंतरच्या दशकात इंग्लंडात ही बारीक नळांची पद्धत आली. १९६५ मध्ये उत्तर समुद्रात गॅस सापडला, १९६७ ते १९७७ या काळात घरोघरची शेगडी त्या गॅसवर आणली गेली, आणि श्रीमंतांची ही ऊब सामान्यांच्या घरी आली. पुष्कळ घरांत टाकीचे पाणी जुन्या रीतीने आपोआप चढे आणि रेडिएटरांचे पंपाने फिरे. आमच्या बाईंचे घर त्यांतलेच.

सोय झाली, तशी परावलंबनाचीही सुरुवात झाली. १९७२ च्या फेब्रुवारीत कोळसा कामगारांच्या संपामुळे ब्रिटनमध्ये पाळीपाळीने वीज बंद ठेवावी लागली. नळात गॅस असला, तरी पंप थांबला की रेडिएटर गार!

असो. आता आपल्या मिस्त्रींकडे वळू. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचे टोक पंपाला लावून मूठ कानाशी धरली. पंपाला वीज पोचते आहे आणि तरी आवाजच नाही, तर मोटार जळाली असे समजावे. गुणगुण आहे पण पंखा फिरत नाही, तर दांडा अडकला किंवा कंडेन्सर गेला. फिरतो आहे पण पाणी पुढे जात नाही, तर हवा धरली आहे, कुठे कॉक बंद आहे किंवा पंखा झिजला आहे. इथे नुसती गुणगुण होती. वीज बंद करून त्यांनी मधला मोठा स्क्रू काढला आणि दांड्याची खाच हळूच फिरवून पाहिली. दांडा हलेना.

मग पंप उतरवला. दोन्ही बाजूंचे कॉक बंद केले, खाली बादली धरली, दोन्ही नट सैल केले. आतून शाईसारखे काळे पाणी आले. "हा खरा चोर," मिस्त्री म्हणाले. बंद नळांत लोखंड गंजून त्याची बारीक काळी भुकटी होते. उन्हाळ्यात पंप निजलेला असतो, तेव्हा ती बेअरिंगांत बसते. गेल्या हिवाळ्यात पंप नवा आला, पण घाण जुनीच राहिली होती.

त्यांनी आधी सगळे रेडिएटर धुऊन काढले. मग त्याच लांबीचा पंप, बाण प्रवाहाच्या दिशेने आणि दांडा आडवा ठेवून, नव्या वॉशरांसह बसवला. वीज जोडायला जाणता वायरमन बोलावला. गंज रोखणारे औषध पाण्यात घातले, रेडिएटरांतली हवा काढली. संध्याकाळी घर उबदार झाले. शिवाय २०१३ पासून युरोपात लागू झालेल्या नियमामुळे नवा पंप कमी वीज खाणारा होता. जुन्यांना ६० ते १०० वॅट लागत.

श्रोतेहो, मी इतिहास शिकवतो. आमच्याकडेही हेच घडते. राज्य मोडले की लोक राजा बदलतात, आणि खाली साचलेला गाळ तसाच राहतो. बाईंनी त्या पंपाचे पैसे दोनदा भरले, ते पंप वाईट होता म्हणून नव्हे. तो का अडकला, हे पहिल्या वेळी कोणी विचारलेच नाही, म्हणून. आपल्या विहिरीवरचा पंप बंद पडेल, तेव्हा दुकानाची वाट धरण्याआधी एवढा एक प्रश्न जरूर विचारा.