शिंगाची मूठ आणि पाचशे रुपयांचा हिशोब

अर्धापूरच्या बैठकीत एका तरुणाने मोबाईलवर फोटो दाखवला. हाताने घडवलेली काठी, तिला म्हशीच्या शिंगाची चकचकीत मूठ, किंमत काही हजार. त्याने विचारले, "दादा, शिंग, कातडे आपल्याच हातात होते ना? मग आपण हा धंदा सोडलाच कशाला?"

प्रश्न प्रामाणिक आहे, पण इतिहास उलटा धरलेला आहे. आपल्या हातात धंदा कधी नव्हता. मेलेले ढोर ओढण्याची जातीने लादलेली सक्ती होती.

शिंगकाम कसे होते ते बघा. शिंगाच्या आत हाडाचा गाभा असतो. तो कुजवून किंवा उकळून सोडवावा लागतो, दुर्गंधी सगळी तिथेच. वरचे आवरण आपल्या नखासारखेच. तापवले की मऊ पडते, वाकवून दाबून थंड केले की तोच आकार धरते. टोक भरीव, म्हणून मुठीला चांगले. शेवटी कानस आणि झिलई. १८८० च्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरमध्ये विजयदुर्गच्या सुतारांच्या शिंगकामाची नोंद आहे. ते शिंग जंगलातल्या गव्याचे, हे मान्य. पण गावातल्या मेलेल्या म्हशीचे शिंग काढणारा अस्पृश्य, आणि शिंगाला झिलई देणारा कारागीर! वस्तू तीच, विटाळ मात्र एकाच्याच वाट्याला.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेने मृत मांस सोडण्याचा ठराव केला. मेलेल्या जनावरांची विल्हेवाट स्पृश्यांनी स्वतः लावावी, असेही सुनावले. तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. पण गावकीची रीत इथेही वेगळी नव्हती.

ढोरे ओढणे थांबले तसे काहींना आपल्या उत्पन्नाची भलतीच काळजी वाटू लागली. कातडे, शिंगे, खूर, हाडे यांचे वर्षाला पाचशे रुपये बुडतात, असा हिशोब मांडला गेला. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी तो किस्सा सांगितला. इतका फायदा असेल तर तुम्हीच ओढा, वर मी पाचशे देतो, असे त्यांचे उत्तर होते. पुढे कुणी आले नाही!

आणि २०१६ मध्ये उनाला काय झाले? मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या पोरांना भररस्त्यात फटकावले. मग सुरेंद्रनगरला लोकांनी मेलेली ढोरे थेट कलेक्टर कचेरीसमोर टाकली.

त्या तरुणाला आम्ही एवढेच म्हणालो, शिंगकाम शिकायचे तर उत्तर प्रदेशात संभलला जा, भाड्याचे आम्ही बघतो. शिंग बाजारातून विकत घे, किंमत तू ठरव. पण गावातले ढोर ओढायला कुणी हाक मारली, तर आधी आम्हाला फोन कर.