घटातील शेवटचा थेंब

विजेच्या घटांवर आकाशात जावे आणि निघाल्या जागीच परत उतरावे, हे पहिल्याने साधले ९ ऑगस्ट १८८४ रोजी. फ्रेंच सैन्यातील रनार आणि क्रेब्स या अधिकाऱ्यांनी ‘ला फ्रान्स’ ही वायुनौका पॅरिसजवळून वर नेली आणि सुमारे आठ किलोमीटरांची फेरी तेवीस मिनिटांत पुरी केली. नौकेवर चारशे किलोंहून अधिक वजनाचे घट होते. जाण्यापुरती वीज कोणीही नेईल; येण्यापुरती राखली, यातच त्या दोघांचे चातुर्य.

३० जून १९५७ रोजी इंग्लंडात कर्नल टॅप्लिन यांनी रेडिओच्या संकेतांवर चालणारे छोटे विमान विजेवर उडविले. त्यातील घट चांदी-जस्ताचे, म्हणजे महागडे होते. सामान्य हौशी माणसाला पुढे परवडले ते निकेल-कॅडमियमचे. स्वीडनच्या युंगनरने १८९९ साली शोधलेला हा घट मोठा सोशिक. तो अर्धवट वापरून पुन्हा भरला तर त्याला तेवढ्याचीच सवय जडते, अशी समजूत असल्याने लोक तो मुद्दाम रिकामा करीत. मोटार थांबली तरी विमान पंखांवर तरंगत खाली येई.

१९९१ मध्ये लिथियम-आयनचे घट बाजारात आले आणि पुढे त्यांच्याच जातीची चपटी, हलकी बॅटरी ड्रोनच्या पोटात बसली. घट बदलला, सवय मात्र बदलली नाही. ड्रोनला तर पंखही नाहीत. वीज संपली की ते दगडासारखे खाली येते.

हा घट पूर्ण भरला असता ४.२ व्होल्ट दाखवितो. उड्डाणाचा बराच वेळ तो ३.७ च्या आसपास रेंगाळतो आणि अखेरीस एकाएकी कोसळतो. ३ व्होल्टच्या फार खाली गेला, तर ऋण टोकाकडील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. पुन्हा वीज भरताना ते तांबे भलत्याच ठिकाणी साचते, आणि त्याचा धागा दोन्ही टोकांना आतल्या आत जोडू शकतो. मग घट तापतो, वायूने फुगतो, प्रसंगी पेटतो. असा तळाला गेलेला घट घरात पुन्हा भरीत बसणे हे धाडस नव्हे, अविचार होय.

नवशिक्या फसतो तो निराळ्याच ठिकाणी. पंखे फिरत असता घटाचा दाब खचतो. ड्रोन उतरले की तोच दाब थोडा सावरतो. आकडा पुन्हा ३.६ दिसला की ‘अजून एक फेरी’ असा मोह होतो, आणि तीच फेरी घटाला भोवते. जाणते उडविणारे पाचांतील चार भागच खर्चतात. त्यांची परीक्षाही सोपी आहे. १५०० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी भरताना १२०० च्या आसपास वीज आत गेली, तर उड्डाण बेताचे झाले. १४०० गेली, तर पुढच्या खेपेस घड्याळाचा गजर मिनिटभर अलीकडे लावायचा. काही दिवस उडवायचे नसेल तेव्हा प्रत्येक घट ३.८ व्होल्टवर ठेवतात. भरलेलाही नाही, रिकामाही नाही.

आणि पुष्कळ बॅटऱ्या तर आकाशात मरतच नाहीत. संध्याकाळी ड्रोन घरी येते, तार काढायची राहते, आतला एखादा बारीक दिवा रात्रभर जळत राहतो.