शिवराईवरच्या खुणा: जन्माच्या आणि नंतरच्या

शिवराई म्हटली की पुष्कळांना देव्हाऱ्यातली किंवा आजीच्या डब्यातली तांब्याची जाड, काळसर चकती आठवते. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. १६७४ साली शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला. त्यांच्यामागेही याच अक्षरांच्या शिवराया दीर्घकाळ पडत राहिल्या. पण हाती येणाऱ्या फार थोड्या नाण्यांवर ही अक्षरे पुरती दिसतात. कुठे ‘श्री’ अर्धवट, कुठे ‘शिव’ कडेबाहेर गेलेला. मग एकजण म्हणतो, नाणे झिजले. दुसरा म्हणतो, टाकसाळीत चुकले, म्हणजे दुर्मिळ; किंमत जास्त द्या! बहुधा दोघेही चुकतात. का, ते समजायचे तर नाणे पाडीत कसे, हे आधी पाहिले पाहिजे.

अबुल फजलाने ‘आईन-इ-अकबरी’त मोगल टाकसाळीतल्या कामकऱ्यांचे वर्णन केले आहे. गोल चकत्या कापणारा जर्राब वेगळा, चकती दोन ठशांमध्ये ठेवणारा सिक्कची वेगळा आणि हातोडा घालणारा तिसराच. हातकामाच्या टाकसाळींची रीत थोड्याफार फरकाने हीच. शिवराईच्या बाबतीत ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे. तेव्हा सगळा मजकूर चकतीवर मावायचाच नाही. चकती जरा सरकली की एक बाजू आणखी गेली. ही त्या काळाच्या कामाची नेहमीची तऱ्हा होती. तिला चूक म्हणणे बरोबर नाही.

मग खरी चूक ओळखावी कशी? सूत्र साधे आहे. टाकसाळीतली खूण नाण्याच्या जन्माबरोबर येते, इजा मागाहून होते. ठशाला तडा गेला, की ठोक्याच्या वेळी धातू त्या फटीत शिरतो आणि नाण्यावर रेघ उठून दिसते. उलट, ओरखडा गेला तर रेघ खोल जाते. बोट फिरवून, भिंग लावून पाहा: रेघ वर आहे की आत? निम्मा झगडा तिथेच मिटतो.

आता उलटी अक्षरे घ्या. ठशावर अक्षर उलटे कोरावे लागते, तेव्हा ते नाण्यावर सुलटे उमटते. कोरणारा विसरला तर नाण्यावर अक्षर उलटे पण उठावदार येते. कधी आधीचे नाणे ठशालाच चिकटून राही. त्यावर दुसरी चकती ठोकली, की तिच्या एका बाजूस उलटी आणि खोलगट अक्षरे उमटत. एक चूक कोरणाऱ्याची, दुसरी ठोकणाऱ्याची. ‘शिव’च्या जागी ‘सिव’ दिसले, तर ती मात्र कोरणाऱ्याची लेखनाची तऱ्हा. तिला इजा म्हणू नये आणि ठोक्यातली चूकही म्हणू नये.

मागाहून झालेल्या इजेची साक्ष वेगळी. घाव बसला की धातू बाजूला सरतो, शेजारचे अक्षर वाकते, पाठीमागची बाजूही दबते. कड कातरली असेल तर वजन घटते. नुसती छाप सरकली असेल तर धातू पुरता असतो. हाताने कापलेल्या चकत्यांत वजनाचा थोडा फरक राहायचाच, म्हणून वजनाबरोबर कडही पाहावी. गळ्यात घालण्यासाठी पाडलेले भोक किंवा जोडलेली कडी तर उघडच दिसते.

पण इजा म्हणजे कचरा नव्हे. जुन्या रुपयांवर बारीक छाप दिसतात, ते सराफांचे. सराफ नाणे वाजवून, पारखून घेई. कुणी त्यावर आपली खूण उठवी. कोणत्या रुपयावर किती बट्टा, हेही त्याच्याच तोंडून ठरे. १८३५ साली कंपनी सरकारने १८० ग्रेनचा एकसारखा रुपया काढला. यंत्रात चकतीभोवती पोलादी कडे बसले आणि नाणी एकसारखी पडू लागली. म्हणूनच यंत्राच्या नाण्यावर सरकलेली छाप ही खरी चूक ठरते. शिवराईवर ती ठरत नाही.

या भेदाचा इतिहासाला उपयोग काय? असा की, एकच तडा दोन नाण्यांवर सापडला तर ती दोन्ही एकाच ठशाची. एकीवर तडा आखूड, दुसरीवर लांब असेल, तर आखूड तड्याची आधी पडली. ज्या शिवराईवर साल नाही, टाकसाळीचे नाव नाही, तिची वंशावळ अशी जुळवता येते. उलट, ओरखड्याला ठशाची रेघ समजले, की जो ठसा कधी नव्हताच तो आपण इतिहासात घुसडतो.

म्हणून एक विनंती. घरातली शिवराई चिंचेने किंवा राखेने घासू नका. ती चकचकीत होईल, पण उठलेली रेघ झिजेल आणि नवे ओरखडे पडतील. पुढच्या माणसाला जन्माची खूण कोणती आणि नंतरची कोणती, हे कळायचे नाही. नांगराखाली नाण्यांचे भांडे लागले, तर ते सोनाराकडे नेऊ नका. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीच्या पुरलेल्या ठेव्याची वर्दी कलेक्टरकडे द्यावी लागते. आणि ते भांडे सापडले कुठे, त्यात नाणी किती होती, हे त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवा. वितळलेल्या तांब्याला कसलीच खूण राहत नाही.